सर्व्हरचा कान

एरदौलेतसारखा एक माणूस कचेरीत असला की बाकीच्यांची फार सोय होते. काहीही बिघडलं की त्याच्या नावानं ओरडायचं. प्रिंटर अडकला, एरदौलेत. वीज गेली, एरदौलेत. थंडीत साहेबांच्या गाडीचं दार गोठून बसलं, तरी एरदौलेत. खरं तर त्याच्याकडे काम होतं ते फक्त नेटवर्कचं, म्हणजे एका संगणकातलं दुसऱ्यात नेणाऱ्या तारांचं. पण हे काम कोणाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कोणी केलं असं मानायची आमच्याकडे रीत नाही. तो टेबलांखाली इतका वेळ असायचा की नव्या माणसाला त्याची पहिली ओळख बुटांवरूनच व्हायची.

मी कुल्याश. सारकांदच्या या बर्फमोजणी कचेरीत नकाशे सांभाळते, आणि तोंडाळ म्हणून गावभर प्रसिद्ध आहे. तरी एक दिवस सोडला तर एरदौलेतला मी कधी वाकडं बोलले नाही. का, ते सांगते.

आमच्याकडे यायच्या आधी तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कास्पियनकाठच्या तेलविहिरींवर पाळीनं काम करायचा. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी, त्यातले किती दिवस आगगाडीतच जायचे. त्याची मुलगी आयझेरे तेव्हा फोनलाच पपा म्हणायची. "पपाला चार्जिंगला लाव," असं आईला सांगायची. एकदा तो घरी आला, तर पोरगी लाजून फोन घेऊन कोपऱ्यात गेली आणि फोनच्या कानात कुजबुजली, "पपा, आपल्या घरात कोणीतरी आलंय." त्याच आठवड्यात त्यानं तेलविहिरी सोडल्या. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही टेबलाखालून, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसलं नाही.

आता कचेरीचं सांगते. डोंगरातल्या कॅमेऱ्यांतून बर्फाची चित्रं येतात, ती सगळी सर्व्हरवर साठतात, आणि आम्ही ती उघडून नकाशे करतो. पण चित्र उघडायला एवढा वेळ लागायचा की आम्ही चहातच मोजायचो. हे चित्र एक चहाचं, ते दोन चहांचं. अख्ख्या खोऱ्याचा नकाशा सहा चहांचा होता. त्यामुळे तो नकाशा मागितला की माणसं आधी कामाकडे नाही, संडासाच्या किल्लीकडे बघायची.

मग राजधानीतून फोन आला. तपासनीस येणार, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खोऱ्याचा नकाशा झटकन उघडला नाही, तर कचेरी बंद करून सगळं ताल्दीकोर्गानला हलवणार. आम्हा म्हाताऱ्यांचं काय, आम्ही घरी बसून जाम करू. पण सारकांदमध्ये एरदौलेतला दुसरी नोकरी नव्हती. तेलविहिरीवाल्यांचा निरोप मात्र येऊन पडला होता, तुझी जागा ठेवली आहे म्हणून.

तपासणीआधी तीन आठवडे, त्यानं राजधानीवाल्यांच्या हातापाया पडल्यावर, संगणकात बसवायची नेटवर्कची नवी कार्डं आली. दहापट, शंभरपट वेगाची, काय ते त्यालाच माहीत. मागितली होती बारा, आली चार. सोबत सगळ्या तारा जोडणारा मधला नवा स्विचही आला. एरदौलेतचा चेहरा असा फुलला की मला वाटलं हा आता त्या खोक्याचा मुका घेतो.

"चार पुरतात ताते," तो मला म्हणाला. ताते म्हणजे आमच्याकडची ताई. "एक सर्व्हरला, तीन नकाशाच्या खोलीत. बास."

तेवढ्यात रखिमझान साहेब आले. साहेब माणूस वाईट नाही, पण तीस वर्षं मेजवान्यांत मांस वाटून त्यांचा हात त्यातच बसलाय. कोणापुढे मेंढ्याचं कुठलं हाड ठेवायचं, यात त्यांची कधी चूक झाली नाही. उभ्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की येते.

"चार आहेत ना? मग मानाप्रमाणे वाटू," साहेब म्हणाले. "पहिलं मोलेकेंना."

मोलेके म्हणजे मोल्दाखान, ऐंशीला टेकलेले आमचे जुने बर्फमोजणीदार. निवृत्त होऊन जमाना झाला, पण रोज येतात आणि दारापासून सगळ्यात लांबच्या मानाच्या जागी बसतात. त्यांच्या टेबलावर संगणक आहे. त्यावर ते टोपी ठेवतात.

"साहेब, ते तो चालूच करत नाहीत," एरदौलेत म्हणाला.

"म्हणून काय झालं? मोलेकेंना दात नाहीत, तरी मेंढ्याचं डोकं त्यांच्याचपुढे ठेवतो ना आपण? दुसरं मला. तिसरं हिशेबनीसबाईंना, त्या माझ्याहून दोनच वर्षांनी लहान."

"आणि सर्व्हरला?"

"तो कुठे बसतो?"

"दाराशी. कोटांच्या खाली."

"वय काय त्याचं?"

"चार वर्षं. पण साहेब, त्याच्यात अजून कुठल्यातरी मोडक्या मशिनचं जुनं कार्ड..."

"चार वर्षांचं पोर, दाराशी बसलेलं, आणि त्याला मोलेकेंच्या बरोबरीनं वाढू? लोक काय म्हणतील?"

"मग चौथं तरी द्या!"

"चौथं पाहुण्यांचं," साहेब हात जोडून म्हणाले. "पाहुण्याचा वाटा काढून ठेवत नाही असं घर दाखव मला." आणि चौथं कार्ड पाहुण्यांच्या खोलीतल्या संगणकात बसलं, जो वर्षभर कोणी उघडला नव्हता.

व्हायचं तेच झालं. खोऱ्याचा नकाशा सहा चहांचा होता, तो सहाच चहांचा राहिला. एरदौलेतनं हात जोडून समजावलं की चारी वाटा रुंद केल्यात, पण सगळं येतं ते एकाच अरुंद पुलावरून, आणि तो पूल म्हणजे सर्व्हर. साहेबांनी मनापासून विचार केला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर दारापासून उचलून मोलेकेंच्या शेजारी, घडी घातलेल्या गोधडीवर नेऊन ठेवला. "मानाची जागा दिली," साहेब म्हणाले. "आता पळेल."

पळाला नाही. उलट त्याच्या घरघरीनं मोलेकेंची दुपारची झोप उडाली. पुन्हा उचलून दाराशी.

इकडे मोलेके बाजारात सांगत सुटले की सारकांदमधलं सगळ्यात वेगवान यंत्र आपलं आहे. टोपी आता ते दोन्ही हातांनी, जपून ठेवायचे त्याच्यावर.

तपासणीच्या आदल्या दिवशी माझा संयम संपला. मोलेके घोरत होते. मी एरदौलेतला म्हटलं, "अरे बावळटा, आत्ता काढ! यांना सात जन्मांत कळणार नाही."

तो पेचकस हातात घेऊन उभा राहिला.  मग त्यानं तो खिशात टाकला. "मी जाईन तेलविहिरींवर, ताते. पण म्हाताऱ्या माणसापुढचं ताट तो झोपलेला असताना मी नाही उचलणार."

"आणि पोरगी?"

तो टेबलाखाली गेला. मला त्याचा असा राग आला की मी त्याच्या बुटाला लाथ मारली, आणि मग जाऊन कोटांमागे रडले.

तपासनीस आले, दोन जण. मोठा तपासनीस चाळिशीचा असेल. आल्या आल्या त्यानं नकाशा मागितला. साहेबांना धक्काच बसला. "जेवल्याशिवाय? आमच्या घरी?" त्यामुळे पाहुण्यांच्या खोलीत आधी पंगत बसली. मेंढ्याचं डोकं तपासनिसापुढे आलं. त्यानं छातीवर हात ठेवला. "माझे वडील हयात आहेत. मी नाही घेणार." बाप हयात असताना डोकं घ्यायचं नाही, ही आमची जुनी रीत. हे आम्हाला पटलं, पोरगा खानदानी निघाला. डोकं मोलेकेंकडे गेलं.

मोलेकेंनी सुरी घेतली, कान कापला आणि नेहमीसारखं विचारलं, "सगळ्यात लहान कोण इथं?" कान लहानाला द्यायचा, म्हणजे ते मोठ्यांचं ऐकतं. पण खोलीत पोर एकही नव्हतं. सगळे एकमेकांची टक्कलं बघायला लागले.

माझ्या तोंडाला कुलूप नाही. "सर्व्हर," मी म्हणाले. "चार वर्षांचा. दाराशी बसलाय उपाशी."

साहेबांचा घास अडकला. मोलेकेंनी कान तसाच सुरीवर धरला. "तो कान खातो?"

"हा नाही खात. त्याचा कान तुमच्या संगणकात आहे मोलेके, ते कार्ड. ते नाही म्हणून तो कोणाचं ऐकत नाही, आणि या एरदौलेतला घर सोडून जावं लागतंय."

एरदौलेतनं मान खाली घातली. म्हातारा आता सुरी घेऊन माझ्यावरच येतो, असं मला वाटलं. मोलेके खरंच उठले, पण त्यांचा राग माझ्यावर नव्हता.

"गाढवांनो!" ते ओरडले. "माझ्यापुढे डोकं ठेवता, ते मी एकट्यानं चावायला? ते वाटायला ठेवतात! तीन आठवडे मी ते कार्ड घेऊन बसलोय. वाट बघतोय, की कोणीतरी विचारेल, मोलेके, यातलं कोणाला काय देऊ? एकानं विचारलं नाही. मला वाटलं, आता माझ्या हातचं कोणाला नकोच आहे."

 मोलेके तडक आपल्या टेबलाशी गेले, आम्ही मागोमाग, आणि त्यांनी संगणकावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. एरदौलेतनं त्यांचा संगणक उघडला, आणि म्हाताऱ्यानं कार्ड स्वतः उपसून काढलं. एरदौलेतनं वाकून दोन्ही हातांत घेतलं. मग सगळी पंगत, तपासनिसांसकट, तेलकट हातांनी दाराशी जाऊन कोटांखाली उभी राहिली. कार्ड आत बसलं. मोलेकेंनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, "मोठ्यांचं ऐक, बाळा," म्हणाले, आणि आम्ही सगळे आमीन म्हणालो. धाकटा तपासनीस सगळ्यात मोठ्यानं म्हणाला.

नकाशा पाहुण्यांच्याच खोलीत मागवला. साहेबांनी सवयीनं सहा चहांची किटली भरून आणली होती. पहिला पेला अर्धा भरायच्या आत अख्खं खोरं पडद्यावर आलं, पार हिमनदीपर्यंत. साहेब बघतच राहिले आणि चहा तपासनिसाच्या मांडीवर ओतत राहिले. पोळलेल्या माणसानं उभ्या उभ्याच सांगितलं की कचेरी कुठेही हलणार नाही.

निघालेलं जुनं कार्ड मोलेकेंनी मागून घेतलं. "हे माझ्यात बसव," ते एरदौलेतला म्हणाले. "आमचं दोघांचं जमेल."

एरदौलेतनं कोटांमध्ये उभं राहून घरी फोन लावला. बायकोला सांगायचं होतं, पण उचलला आयझेरेनं.  त्याचा आवाज ऐकताच रडवेल्या आवाजात तिनं विचारलेलं मलासुद्धा ऐकू आलं.

"पपा, तू परत फोनमध्ये गेलास?"

"नाही गं," तो म्हणाला. एक हात कोटाच्या बाहीत घातलेलाच होता. "निघालोय. फोन ठेव आणि दारात ये."