कागदावरचा गोठा

चौतीस वर्षांच्या नोकरीत रस्त्यावरचे मृत्यू इतके पाहिले की त्यातले बहुतेक मनातून पुसले गेले. सोलापूर रस्त्यावरची ती एक सकाळ मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा शहराच्या पूर्व टोकाच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. लोणी काळभोरच्या अलीकडची काही गावं शहराच्या हद्दीत आलेली होती. अशा ठिकाणी ठाण्यात बांधावरून भांडणारे भाऊ येतात आणि त्यांच्याच शेजारच्या बाकावर पार्किंगवरून भांडणारे इंजिनिअर बसलेले असतात. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. त्यातली काही अजून तिथंच राहतात.

सकाळी सव्वासातच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी निरोप दिला. हायवेवर जिथं दुभाजक तुटलेला आहे, तिथं एका बाईंना वाहनानं उडवलं होतं आणि वाहन निघून गेलं होतं. मी पोचलो तेव्हा बाईंवर कोणीतरी शाल टाकलेली होती. त्या गावातल्या पालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं. मुलं त्यांना मावशी म्हणत.

रस्त्याच्या कडेला, मातीत, बारा-तेरा मुलं एका ओळीत बसली होती. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेले होते. आमच्या महिला कॉन्स्टेबलनं त्यांना उठवायचा प्रयत्न केला. एक मुलगी म्हणाली, "मावशीनं सांगितलंय, पलीकडं गेल्याशिवाय हात सोडायचा नाही."

शेवटी पालक आले आणि त्यांनी एकेक हात सोडवला. मी पंचनाम्याला सुरुवात केली. हेडलाइटच्या काचा आणि बंपरचा पिवळ्या रंगाचा एक तुकडा सापडला. त्या वस्तू सीलबंद केल्या आणि अनोळखी वाहनचालकाविरुद्ध गुन्हा नोंदवला. त्या वेळी मला हे प्रकरण साधं वाटलं होतं. गाडी सापडली की संपलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान जबाब द्यायला आले. स्वारगेटच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज अगदी खालचा. लिहिलेला जबाब त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. सही करण्याआधी पेन खाली ठेवून म्हणाले,

"साहेब, ती रस्त्यावर का होती, ते यात नाही."

"आहे ना. मुलांना शाळेत घेऊन चालल्या होत्या असं लिहिलंय."

"शाळा गावात आहे. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. ती पलीकडं का नेत होती, ते लिहा."

मी त्यांना समजावलं की अपघाताच्या जबाबात ते येत नाही. त्यांनी वाद घातला नाही, सही केली आणि गेले. पोलिसाला आरडाओरडा करणाऱ्या माणसाची सवय असते. न ओरडता निघून गेलेला माणूस जास्त त्रास देतो. दिवसभर ते वाक्य माझ्यामागं लागलं होतं.

चार दिवस गाडीचा पत्ता लागला नाही. कॅमेऱ्यांवर धूळ बसलेली, चित्र धूसर. पाचव्या दिवशी एका गॅरेजवाल्याचा फोन आला. आम्ही आसपासच्या सगळ्या गॅरेजांना तुटलेल्या काचेचा फोटो दाखवून ठेवला होता.

"साहेब, पिवळा टेम्पो आलाय. हेडलाइटची काच बदलायचीय म्हणतो. डायवर चहा बी घेईना. सारखं रस्त्याकडं बघतोय. तुमी या, मी नट सापडंना म्हणून बसवून ठेवतो."

पथकानं चालकाला ताब्यात घेतलं. तिशीचा माणूस, बीडकडचा, खिशात दोन मुलींचे फोटो. आधी त्यानं कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला दरडावलं की तो त्या खोट्यालाच चिकटून बसतो. मी फक्त त्याला सांगितलं, की आम्ही गेलो तेव्हा मुलं हात धरून मातीत बसली होती, आणि मावशींनी सांगितलं होतं म्हणून हात सोडायला तयार नव्हती.

त्यानं कुत्र्याची गोष्ट सोडून दिली. मग म्हणाला, "त्या बाईनं हात वर केला होता साहेब. थांब म्हणत होती. मी बघितलं. ब्रेक बी दाबला. पण माल लई भरला होता, गाडी थांबलीच न्हाई."

"माल कुठून भरलास?"

"तिथल्याच गोदामातून. त्याच गावातल्या."

हे महत्त्वाचं होतं. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून देणाराही जबाबदार ठरू शकतो. म्हणून मी गोदामाच्या मालकीची आणि नोंदीची कागदपत्रं करवसुली कार्यालयाकडून मागवली. आठवड्यानं उत्तर आलं. त्या गट नंबरवर गोदाम नावाची कोणतीही मिळकत नव्हती. नोंद होती 'जनावरांचा गोठा, पत्र्याचा' अशी.

मी स्वतः जाऊन पाहिलं. सहा मोठ्या शेड, वजनकाटा, वॉचमनची केबिन, माल भरण्यासाठी लागलेल्या गाड्यांची रांग. एकही जनावर नव्हतं. वॉचमनला विचारलं, "म्हशी कुठं बांधता?" तो हसला. त्याला वाटलं, साहेब गंमत करतायत.

तिथून मी शाळेत गेलो. इमारतीला पत्रा ठोकून वाट बंद केलेली होती आणि वर 'धोकादायक' अशी पाटी. मुख्याध्यापिका हायवेपलीकडच्या शाळेत, उसन्या खोलीत बसत होत्या. पेठेतल्या बाई, बोलणं मोजून मापून.

"छताचे पोपडे पडायला लागले, मग सळया दिसायला लागल्या, मग एक दिवस तिसरीच्या वर्गात तुकडा पडला. नशीब, मधली सुट्टी होती. मग इकडं पाठवलं."

"दुरुस्तीचं काय?"

"अहो, तीन वेळा प्रस्ताव पाठवला. तिन्ही वेळा पोच मिळाली. पोच द्यायला फार तत्पर आहेत." त्यांनी फाईलमधून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात लिहिलं होतं, की सदर भागातून मिळणारं कराचं उत्पन्न अत्यल्प असल्यामुळे चालू वर्षी निधी देणं शक्य नाही.

"मुलांना रस्ता कोण ओलांडून देतं, हे कोणी विचारलं नाही. मावशींनी आपणहून सांगितलं, मी नेईन म्हणून," त्या म्हणाल्या आणि फाईल बंद करून खिडकीकडं वळल्या.

ते पत्र आणि ती गोठ्याची नोंद मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मग नोंद करणाऱ्या लिपिकाला चौकशीला बोलावलं. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. सुरुवातीला त्याचं उत्तर ठरलेलं होतं. गाव हद्दीत आलं तेव्हा जुन्या नोंदी जशाच्या तशा घेतल्या.

"त्यानंतर मोजणी झाली ना?"

"झाली."

"मोजायला कोण गेलं होतं?"

मी मोजणीचा कागद त्याच्यासमोर सरकवला. खाली सही त्याचीच होती. त्यानं सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मीच गेलो होतो. शेड मोजल्याही होत्या. नंतर तो कागद बदलून मी हा ठेवला."

"कशासाठी?"

"मुलीच्या प्रवेशासाठी. ते गोदामवाले एका इंग्रजी शाळेच्या ट्रस्टवर आहेत. त्यांनी प्रवेश करून दिला, फीसुद्धा घेतली नाही." तो पुढं म्हणाला, "साहेब, आमच्या घराजवळही पालिकेची शाळा आहे. तिचं छत गळतं. तिथं मुलीला कसं घालू?"

हे तो मला खरोखर विचारत होता. मी इतक्या वर्षांत निर्ढावलेले लाचखाऊ पाहिले होते. हा बाप होता. ज्या पैशातून शाळांची छतं दुरुस्त व्हायची तो पैसा त्यानं अडवला होता, आणि छत गळतं म्हणून अडवला होता. त्याला हे दिसत नव्हतं. मी त्याला पाणी दिलं आणि जबाब लिहून घेतला.

गोदामाचे मालक वकिलांना घेऊन आले. बोलायला अत्यंत नम्र. "आपण ड्रायव्हरचं बघा साहेब. कर हा वेगळा विषय आहे. त्याचं आम्ही पालिकेशी बघून घेऊ."

आणि त्यांनी बघून घेतलं. बनावट नोंदीचा गुन्हा मी नोंदवला. लिपिकाला अटक झाली, तो निलंबित झाला. मालकांना अटकपूर्व जामीन मिळाला. पुढं थकबाकीदारांसाठी दंडात सवलत देणारी योजना आली, तेव्हा त्यांनी मागची बाकी भरून टाकली. न्यायालयात वकिलांनी सांगितलं, की आमच्या अशिलाकडे आता पालिकेचं काहीही येणं नाही. ते खरंही होतं. चालकाला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याची बायको दोन्ही मुलींना घेऊन कोर्टाच्या पायरीवर बसली होती.

यजमानांना मी स्वतः घरी जाऊन हे सगळं सांगितलं. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बाईंचा फोटो. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मिळकतकराच्या पावत्या होत्या, वर्षवार लावलेल्या. प्रत्येक पावतीवर शिक्षण कराचा रकाना त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केला होता.

"ही बघत असे. म्हणायची, हे आपल्या शाळेचे. एक वर्ष माझं ऑपरेशन झालं म्हणून उशीर झाला. तेव्हा दंड लागला. माफ करा म्हणून मी विचारायला गेलो होतो, तर नियम नाही म्हणाले." त्यांनी पावत्या परत पिशवीत घातल्या. "आमच्या दोन खोल्या कुणाला गोठा वाटल्या नाहीत."

मी बाईंच्या फोटोला हात जोडून निघालो.

दोषारोपपत्रासोबत मी वरिष्ठांना एक स्वतंत्र अहवाल पाठवला होता. शाळा का बंद पडली आणि मुलं हायवे का ओलांडत होती, एवढंच त्यात होतं. एका वरिष्ठांनी समजुतीनं सांगितलं, की हा आपला विषय नाही. कायद्याप्रमाणे ते बरोबर होते. गुन्ह्याची कलमं गाडीच्या चाकापासून चालकापर्यंत पोचतात, फार तर माल भरणाऱ्यापर्यंत. त्यामागं जे वर्षानुवर्षं साठत आलेलं असतं, त्याला कलम सापडत नाही. चोरी म्हटलं की आपल्याला फुटलेलं कुलूप दिसतं. या प्रकरणात कुलूप कुठंच फुटलं नव्हतं. ज्यांच्याकडे भरपूर होतं त्यांनी आपला वाटा दिला नाही, ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनी दंडासकट दिला, आणि मधली तूट एका शिपाई बाईनं रस्त्यात उभं राहून भरून काढायचा प्रयत्न केला. माणसाचा जीव कुठून कुठून जातो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. फार उशिरा शिकलो, असंही वाटतं.

शाळा दुरुस्त झाली. निवृत्तीनंतर, कात्रजला राहायला आल्यावर, मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. नवा रंग, नवं छत. वर्गांत मुलं मात्र मोजकी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इमारत आली हो. मधल्या काळात मुलं गेली." काही खाजगी शाळांत गेली होती, काही गाव सोडून. आणि काही मुली घरीच बसल्या होत्या.

त्यातल्या एकीच्या घरी त्या मला घेऊन गेल्या. नववीत असायला हवी होती ती मुलगी. अपघाताच्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती त्या मुलांबरोबर नव्हती. तिची आई म्हणाली, "मावशी गेल्यावर मी न्हाई धाडलं पलीकडं. कुणाच्या भरवशावर धाडू? आता शाळा झाली हाय, पण ल्हान पोरांत बसायला लाजती ती."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. धाकट्या भावाला कडेवर घेतलं होतं. मी विचारलं, "जाशील का परत?" ती हसली, नाही म्हणाली नाही, आणि आत चहा टाकायला गेली.

त्या गुन्ह्याचे कागद मला अजून पाठ आहेत. त्यात तिचं नाव कुठंच नाही. मृतांत नाही, जखमींत नाही, साक्षीदारांतही नाही.