मतदानाला आलेली लेकरं

सकाळपासून गल्लीत चाकांच्या बॅगांचा खडखडाट चाललाय. युरोपातल्या या एवढ्याशा बेटावर सरकार मुदतीआधीच पडलं आणि उद्या मतदान आहे. इथे मत द्यायला स्वतः यावं लागतं, म्हणून परदेशात कामाला गेलेली पोरं विमानं भरभरून घरी येताहेत. ज्या त्या सज्जात एकेक आई वाकून उभी आहे.

मी सांभाळते त्या कार्मेनबाईही गुडघेदुखी विसरून उभ्या होत्या. वळणावर लेक दिसला, तसा त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"मत कुणाला देणार तो?" मी विचारलं.

"माझ्या विरोधातच देतो मेला. पण जेवायला तर बसेल."

माझी शाळा आठवीत सुटली, राजकारणातलं मला काय कळणार? नवं सरकार आपल्याला इथे राहू देईल ना, एवढीच धाकधूक. या घराने मला मायेत काही कमी केलं नाही. तरीही वाटून गेलं, आपल्या एका मतासाठी तिकडे माझं गाव असं अडून बसलं असतं तर? आईही अशीच दारात येऊन रस्त्याकडे बघत राहिली असती.

लेकाला सशाचं कालवण वाढता वाढता बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे निवडणूक कधी गं?"

"अजून पुष्कळ अवकाश आहे."

बाईंनी पळी खाली ठेवली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचंही सरकार लवकर पडू दे, पोरी."