दुसऱ्या बिल्ल्याची चांदी

वडील सरहद्दीवरच्या लढाईतून परत आले, तेव्हा सगळ्यांच्या आधी दारात थोरली आई उभी होती. ती माझी चुलती. तिचा नवरा, म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ, त्याच पलटणीत होता आणि तिकडेच गेला. अस्थीसुद्धा आल्या नाहीत.

आम्ही धनगर. आमच्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेला घोडेस्वार. तो देवघरात बसला की माणूस घरी आला. वडिलांनी निरोप धाडला होता, की आपल्याला बहादुरीचा दुसरा बिल्ला मिळतोय, तो भाऊ पडला त्याच लढाईचा आहे, त्याच्याच चांदीचा टाक करू. त्या चांदीवर थोरल्या आईनं दिवस काढले.

"भावजी, दुसरा कुटं हाय?" पाण्याचा तांब्या तिच्या हातातच राहिला.

वडिलांनी कोटावरची फीत दाखवली. फितीच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं चांदीचं फूल. सरकारची रीतच तशी. तेच शौर्य पुन्हा केलं तर पुन्हा बिल्ला नाही. पहिल्याच बिल्ल्याच्या फितीवर एक आडवी पट्टी, आणि नुसती फीत लावायची असेल तेव्हा हे फूल. वडिलांनाही ते पट्टी हातात पडल्यावरच कळलं होतं. एवढं मोठं राज्य, पण हात किती आखडता! मला अजून संताप येतो.

तरी थोरल्या आईला घेऊन सोलापुरात सोनाराकडे गेलो. त्यानं पट्टी आणि फूल तळहातावर तोललं. "एवढ्यात घोड्याचं शेपूट हुईल, बाई. मानूस न्हाय व्हायचा."

वडिलांनी अख्खा बिल्लाच पुढे सरकवला. "हा आटवा."

थोरल्या आईनं त्यांचा हात धरला. "त्यो तुमच्या रगताचा हाय. त्यात त्यास्नी कसं बसवू?"

घरी आल्यावर माझ्या आईनं पायातले वाळे काढून दिले. तेही थोरल्या आईनं घेतले नाहीत. नवऱ्याच्या जिवाची चांदी हवी होती तिला, दुसरी कुठली नको. समजूत घालून सगळे थकले.

त्या संध्याकाळी तिनं त्याचं ताट वाढलं आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. वडील ताटाशेजारी मातीतच बसले आणि अंधाराकडे बघून म्हणू लागले, "दादा, आत ये. ये की रं आत."

"येतील कसं, भावजी?" थोरली आई आतून म्हणाली. "बसतील कुटं?"