माझ्या वजनाचा गूळ

गेली बावीस वर्षं मी शाहूपुरीत ब्लाऊज शिवते. दोन मशिनी, कटिंगचं एक टेबल आणि भिंतीला एक उभा आरसा, एवढंच दुकान. त्या आरशापुढं उभ्या राहून बायका काय काय खोटं बोलतात ते मी कुणाला सांगत नाही. "जुन्याच मापाचा शिवा ओ, काय फरक न्हाय पडला," असं कुणी म्हणालं की मी मान डोलावते, टेप फिरवते, वहीत खरा आकडा लिहिते आणि शिवणीत आत दोन इंच कापड जास्त सोडते. ब्लाऊज नीट बसला की बाई म्हणते, "बघा, म्हटलं नव्हतं?" मी म्हणते, "व्हय की."

सगळ्या गल्लीचं माप माझ्या वहीत होतं, माझं सोडून. माझे ब्लाऊज मी अंदाजानं बेतायचे. घरातला वजनकाटा एकशेवीस किलोपर्यंतचा. एके दिवशी त्याच्यावर उभी राहिले तर त्यानं आकडाच दाखवला नाही, नुसत्या चार रेघा दाखवल्या. माझा नवरा फौंड्रीत सुपरवायझर आहे. तोंडासमोरचा पेपर जराही खाली न घेता तो म्हणाला, "चल आमच्याकडं. ट्रक चढतोय असा काटा हाय." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी कांदे आणायला सांगावे लागले म्हणून बोलले.

उपाय केले नाहीत असं नाही. पहाटे गल्लीतल्या तिघींबरोबर रंकाळा तलावावर चालायला जायचे. दोन फेऱ्या मारायच्या आणि येताना कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासभर प्यायचं, कारण दूध म्हणजे काय खाणं नव्हे असं आम्हा चौघीजणींचं ठाम मत होतं. मेथ्यांचं पाणी झालं, रात्रीचं जेवण बंद झालं, कुणाच्या तरी नणंदेला लागू पडलेली पावडर झाली. सहा किलो जायचे आणि आठ यायचे. गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आलं की गिऱ्हाइकाशी बोलायच्या आधी मला थोडं थांबावं लागायचं.

पण हे सगळं मी रेटून नेलं असतं. माणूस रेटतोच. अडलं ते मशिनीपाशी. पोट टेबलाला टेकायला लागलं तशी मी खुर्ची मागं घेत गेले. खुर्ची मागं गेली की हात सुईपर्यंत पुरेनात. सुई आणि माझ्यामध्ये मीच येऊन बसले होते. एका नवरीच्या ब्लाऊजचा गळा वाकडा गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं काही म्हटलं नाही, पण तिच्या आईनं आरशातून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला झोंबली. शिवण गेली तर माझ्याकडं उरतंय काय, हा विचार त्या दिवशी आला आणि हलेचना.

मग मी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि त्यातलं बरंचसं खोडून टाकलं. दुर्बिणीनं चार-पाच भोकं पाडायची, पोटाचा मोठा भाग काढायचा, उरते ती बारीक नळी. चार घासांत पोट भरेल म्हणाले. "भीती वाटते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "छे हो." आरशापुढच्या बायका बोलतात तसंच मी बोलले. खरं सांगायचं तर माझे पाय गार पडले होते. एकच गोष्ट हवी होती. शुद्धीवर येईन तेव्हा शेजारी आई बसलेली असावी.

आई आजऱ्याकडं, गावी, दादाजवळ असते. रविवारी आम्ही दोघं तिकडं गेलो. आई सुपात तांदूळ निवडत होती. मी हळूच विषय काढला.

"पोट कापत्यात?"

"भोकं पाडतात नुसती."

"आन् आतलं पोट?"

"ते बरंचसं काढून टाकतात."

आईनं सूप खाली ठेवलं. "मग म्या एवढी वर्सं भरलं ते समदं फुकट?"

नवरा हसायला लागला. मी त्याच्याकडं बघितल्यावर खोकला आला असं दाखवून तो मागच्या परड्यात गेला.

भरलं म्हणजे काय ते सांगते. आमच्या घरात 'बास' म्हणायला कुणाला बंदी नव्हती, पण ते ऐकायची पद्धत नव्हती. ताटावर हात आडवा धरला तर आई बोटांच्या फटीतून तूप सोडायची. भूक नाही म्हटलं की विचारायची, "मग भाकरी कशासंगं खातीस, दुधासंगं का गुळासंगं?" जन्मात तिच्या तोंडून 'पुरे' असा शब्द मी ऐकला नव्हता. आमच्याकडं जेवून गेलेला पाहुणा बैठकीतून उठताना भिंतीला हात लावायचा.

आईनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आदी नवस फेडायचा. त्याबिगर त्या टेबलावर चढायचं न्हाय. चढलीस तर मी काय दवाखान्यात येत न्हाय बघ."

हा नवस आमच्या घरात थट्टेचाच विषय होता. मी दीड वर्षाची असताना गोवर आला, त्यातून निमोनिया झाला, आणि सगळ्यांनी माझी आशा सोडली. आईनं गावच्या देवीला बोलून ठेवलं, माझी पोर जगू दे, तिच्या भाराचा गूळ वाहीन. मी जगले. पण तेव्हा माझं वजन होतं सात किलो. आई म्हणाली, एवढ्याशा जिवाला तराजूत काय बसवायचं, देवीला वाटंल थट्टा करतीया, जरा अंग धरू दे. मी अंग धरलं. मग वडील गेले, ते वर्ष गेलं. मग शाळा. मग लग्नाचं बघायला लागले तेव्हा कुणीतरी सुचवलं, आता फेडून टाका. त्यावर आई म्हणाली, बघायला येणाऱ्यांच्या कानावर पोरीचं वजन घालायचं का? दरवर्षी नवस मागं राहायचा आणि मी पुढं जायचे.

मी आईला सरळ हिशोब सांगितला. "ऑपरेशन होऊ दे. वर्षभरात मी सत्तरवर येते. मग फेडू. दादाला बी उचलायला बरं."

"बावीस वर्सं दुसऱ्याची मापं घेतीस," आई म्हणाली, "आन् देवीसंगं मापात पाप करतीस?"

नवरा परड्यातून आत येऊन सासूची बाजू घेत म्हणाला, "मामींचं बरोबर हाय." म्हणजे झालं. मला दोघांचाही राग आला. वजन मी नवऱ्यापासून लपवलं होतं, वहीपासून लपवलं होतं, आणि आता ते गावासमोर, देवळात, तराजूत टांगायचं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आईशिवाय दवाखान्यात जायचं माझ्यात बळ नव्हतं. मी म्हटलं, "बरं."

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ खायचं होतं. त्या दिवसांत दादाचा फोन आला. दुकानात एक बाई आरशासमोर उभी, तिच्या दंडाभोवती माझी टेप.

"गुऱ्हाळावर सांगायचं हाय. किती किलो धरू?"

दवाखान्याच्या काट्यावर आकडा होता एकशे सव्वीस. माझ्या तोंडून निघालं, "एकशे दहा." का, ते विचारू नका. आतापर्यंत हजार बायकांच्या खोट्याला मनात हसत आले आणि स्वतःची पाळी आली तेव्हा चांगली सोळा किलोंनी खोटं बोलले.

"मंजे अकरा रवे," दादा म्हणाला. आमच्याकडं गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात, आणि दादा दहा-दहा किलोचे आणणार होता.

मंगळवारी आम्ही गावी गेलो. मला वाटलं होतं, घरचे चार आणि गुरव, दहा मिनिटांत उरकेल. देवळात पाय ठेवला तर बायकांनी सतरंज्या टाकून जागा धरलेल्या. मंडपाच्या तुळईला भातगिरणीतला जुना लाकडी तराजू साखळ्यांनी टांगलेला, एका बाजूच्या फळीवर पाट, त्यावर हळदीकुंकू. गुरवानं साखळी दोनदा ओढून बघितली, तुळईकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "बसा. सागवानी हाय."

मी बसले. माझी फळी जमिनीला टेकली आणि दुसरी माझ्या डोक्याच्या वर जाऊन हलत राहिली. दादानं रवे ठेवायला सुरुवात केली. पाच झाले. आठ झाले. बायका मोजत होत्या, मोठ्यानं. अकरावा रवा ठेवून दादा बाजूला झाला आणि सगळे माझ्या पायांकडं बघू लागले. माझे पाय होते तिथंच होते. दुसरी फळी अजून माझ्या डोक्याच्या वरच लोंबत होती.

"अजून?" गुरव म्हणाला.

दादानं मागं वळून रिकामं पोतं झटकलं. मग माझ्याकडं बघितलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. उठून जावं म्हटलं तर एकदा बसलं की भार झाल्याशिवाय उतरायचं नसतं. नवऱ्याकडं बघितलं. ह्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचतं, पण आता तोही गप्प होता, आणि त्यानंच माझे डोळे भरून आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक काकू उठली. दर सणाला माझ्याकडून ब्लाऊज शिवून नेते, कायम जुन्या मापाचा. म्हणाली, "त्यात काय लाजायचं? आमी बी तुझ्याफुडं खोटंच बोलतो की. तुला काय कळत न्हाय व्हय?" अख्खं देऊळ हसलं. मीही हसले, नाकातून पाणी येत असताना. "माझ्या घरात अर्धा रवा हाय," ती म्हणाली आणि गेली. मग दुसरी गेली. मग सतरंज्या रिकाम्या झाल्या.

त्या येईपर्यंत मंडपात मी, आई आणि लांब उभे राहिलेले पुरुष. आई साखळी धरून माझ्याजवळ आली. तिचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता.

"सात किलोची हुतीस तवाच फेडाय पायजे हुतं. म्या थांबले. भूक न्हाय म्हणायचीस तरी भरवत ऱ्हायले. परत तसली वाळून गेलीस तर, ह्येचं भ्या वाटायचं गं. अजून वाटतंय."

चव्वेचाळीस वर्षं तिनं वाढलं, मी खाल्लं, आणि आम्ही दोघींनी त्याला माया म्हटलं. ती मायाच होती. पण तिला एवढी भीती वाटत होती हे मला माहीतच नव्हतं. तूप सोडणारा हात मी बघितला होता, भ्यालेली बाई बघितली नव्हती. म्हटलं, "आई, आधी मला खाली उतरू दे, मग रडू दोघी."

बायका आल्या. कुणाच्या पदरात खडा, कुणाच्या डब्यात चुरा, कुणाकडं किलोचा कोरा रवा. सगळं फळीवर गेलं. शेवटचा खडा नवस बोललेल्यानं ठेवायचा असतो. आईनं तो ठेवला आणि माझी फळी जमिनीवरून उचलली गेली. चार बोटंच असेल, पण पाय सुटले. लहानपणानंतर मला कुणी उचललेलं नव्हतं. मी साखळी घट्ट धरून बसले आणि उतरायची घाई केली नाही.

गूळ तिथंच फोडून वाटला. गावानं माझं वजन घरोघरी नेलं. नवऱ्याला वाचा फुटली. म्हणाला, "डॉक्टर उगीच नादाला लागलाय. हितंच निम्मं काम झालं."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डोळे उघडले तेव्हा आई शेजारी होती, पिशवीतून टॉवेल, देवीचा अंगारा आणि, सवयच ती, एक मोठा स्टीलचा डबा घेऊन. नर्सनं तो डबा बघून डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून पातळ पाणी सुरू झालं. औषधाचं छोटंसं प्लास्टिकचं भांडं असतं ना, तेवढं, तेही घोट घोट, अर्ध्या तासात. नर्सनं आईला समजावून सांगितलं. आईनं दोनदा विचारून घेतलं. मग मुगाचं गाळलेलं पाणी चमच्यानं मला पाजायला लागली. निमोनियात पाजायची म्हणे असंच. प्रत्येक चमच्यानंतर माझ्या गळ्याकडं बघायची, गिळलं का.

भांडं संपलं. मला भूक नव्हती, पण हातालाच वळण पडलेलं. मी भांडं पुढं केलं. डब्यात मुगाचं पाणी अजून होतं, भांडं भरायची पळी आईच्या हातात होती. तिनं पळी भरली. ती भरलेली पळी धरून आई जराशी थांबली. मग तिनं पळी परत डब्यात सोडली आणि माझ्या भांड्यावर स्वतःचा हात आडवा धरला.

"बास," आई म्हणाली.

तिनं हात काढला नाही. मी तो धरून ठेवला.