पुढच्या सीटवरची चित्रलेखा

चित्रलेखा सबनीस ही कॅसल हिल या ऑस्ट्रेलियन उपनगरातली दातांची डॉक्टर. उंची बेताची, आवाज मात्र दणदणीत. तिच्या खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून गप्प पडलेला असतो आणि ती अखंड बोलत असते: आता जरा टोचेल, आता गार पाणी येईल, आता मशीनचा आवाज होईल, घाबरायचं नाही. दोन हजार वीसच्या मार्च महिन्याच्या शेवटी तिचं क्लिनिक इमर्जन्सी सोडून बंद झालं आणि हा सगळा आवाज घरात कोंडला गेला.

घरात ऐकणारं कोणी नव्हतं. मुलगी तनया खोलीचं दार लावून युनिव्हर्सिटीच्या झूम-वर्गात असायची. आणि नवरा शिरीष बोलायचाच बंद झाला होता.

शिरीष रस्ते आखणारा इंजिनिअर. डोळ्यांच्या पडद्याचा आजार त्याच्या घराण्यातच होता. चाळिशीत नजर कडेकडेने विरत गेली. आधी रात्रीचं ड्रायव्हिंग सुटलं, मग दिवसाचं, आणि मग सायकल. पन्नाशीपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरलं. कंप्युटर वाचून दाखवतो म्हणून नोकरी टिकली, ती त्याने जिद्दीने टिकवली. पांढरी काठी घेऊन मेट्रोने ऑफिसला जायचा. स्टेशनवर कोणीतरी धरायला कोपर पुढे करायचं, "धिस वे, मेट" म्हणायचं, आणि काम भागायचं.

करोना आला आणि ती कोपरं नाहीशी झाली. एकदा तो सुपरमार्केटच्या रांगेत उभा होता. अंतर ठेवायच्या खुणा जमिनीवर चिकटवलेल्या, त्या त्याला दिसणार कशा? काठी पुढच्या बाईच्या बुटाला लागली. ती एवढ्या जोरात ओरडली की अख्खं दुकान गप्प झालं. शिरीष काही न घेता घरी आला, काठी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हणाला, "आता मी बाहेर जाणार नाही."

चित्रलेखाने समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी कुंपणाशी उभं राहून शेजारच्या जेफला सांगितलं. जेफ ऐंशीच्या पुढचा, मूळचा इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातला. शिरीषनेही तरुणपणी तिथे दोन वर्षं नोकरी केलेली. दर रविवारी सायकलवर तो परगणा पालथा घालायचा. एरवी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून हे दोघे तिथल्या अरुंद रस्त्यांबद्दल, चढ-उतारांबद्दल तासन् तास बोलायचे.

जेफने ऐकून घेतलं, गॅरेज उघडलं आणि कोळिष्टकांतून एक लांबलचक हिरवी सायकल ओढत बाहेर आणली. दोन सीटची, पेडलच्या दोन जोड्यांची. टँडेम.

"मॉरीनचे गुडघे गेले, तेव्हापासून हिच्यात कोळी राहतात," तो म्हणाला. मॉरीन म्हणजे त्याची बायको. "तू पुढे बस, त्याला मागे बसव."

"मी? जेफ, कॉलेजनंतर मी सायकलला हात लावलेला नाही!"

"रस्ते बघ की. असे रिकामे परत कधी मिळणार तुला?"

तनयाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आई, आर यू सीरियस? यू कान्ट ईव्हन रिव्हर्स-पार्क!"

बहुतेक त्या एका वाक्यामुळेच चित्रलेखाने हो म्हटलं.

शिरीषला बाहेर काढायला एक दिवस लागला. "मला सामानासारखं मागे बांधून नेणार का?" असं त्याने विचारलं, पण हात सायकलच्या दांडीवरून फिरत होता आणि त्याला ती सोडवत नव्हती.

पहिल्या फेरीत ते जेफच्या घरापर्यंतही पोचले नाहीत. फाटकातून रस्त्यावर वळताना चित्रलेखा डावीकडे झुकली, शिरीष तोल सावरायला उजवीकडे, आणि दोघं गवतात आडवे झाले. मदतीला धावलेला जेफ अंतराचा नियम आठवून मध्येच थबकला आणि लांबूनच दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"बोल त्याच्याशी!" तो ओरडला. "तू बघतेस ते त्याला कळू दे ना, चित्रा!"

चित्रलेखाने कोपराची माती झटकली. "शिरीष, हँडल माझ्याकडे आहे. तू माझ्या खुर्चीत बसलेला पेशंट आहेस असं समज. मी सांगेन तसं करायचं."

"तोंड उघडं ठेवू का?" शिरीषने विचारलं.

कित्येक आठवड्यांनी तो काहीतरी गमतीचं बोलला होता. ती गवतात बसूनच हसत सुटली.

मग तिचा आवाज कामाला लागला. आता डावं वळण. आता खड्डा, सीटवरून ऊठ. आता पाय थांबव. आता मार, मार, चढ आलाय! गल्लीतले लोक फाटकाशी येऊन बघायचे. मराठी कुणालाच कळत नव्हती, पण चढावर "मार, मार!" ऐकू आलं की पलीकडचा चिनी म्हातारा टाळ्या वाजवायचा.

एप्रिलच्या अखेरीस ते ड्युरल ओलांडून अर्केडियाच्या रस्त्याला लागले. तिथे शहर संपतं. रस्ता उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो. दोन्ही बाजूंना घोड्यांची कुरणं, फळबागा, मध्येच निलगिरीसारख्या गम ट्रींचा दाट पट्टा. पूर्ण सकाळभर चारदोन गाड्या दिसल्या तर दिसल्या.

"काय दिसतंय?" शिरीषने विचारलं.

"झाडं आहेत. गाय आहे."

"कसली झाडं? गाय कुठल्या रंगाची? चित्रा, दाताचा एक्स-रे काढलास तर पेशंटला 'दात आहे' एवढंच सांगतेस का?"

तेव्हापासून ती नीट बघायला लागली. तिने कबूल केलं की इतकी वर्षं या भागात राहून तिने रस्त्यावर गाड्यांचे मागचे लाल दिवे तेवढे पाहिले होते. आता ती सांगायची: तळ्यावर धुकं आहे, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखं. कुंपणावर पाच गला पक्षी आहेत, गुलाबी पोटांचे, सगळे आपल्याकडे पाठ करून बसलेत. शिरीष मागून म्हणायचा, "वर जाताना पायांना अगदी हेरफर्डशर वाटतं. वास तेवढा वेगळा."

एकदा ती म्हणाली, "आता डावीकडे लांब मानेचे, डोक्यावर केसांचा कोंबडा असलेले, मेंढीसारखे प्राणी उभे आहेत. दहा-बारा. अल्पाका."

"काहीही सांगू नकोस."

"शपथ!"

"मला दिसत नाही म्हणून तू आता उंटही आणशील."

तिने ब्रेक लावला. शांतता झाली, आणि कुंपणापलीकडून कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आवाज आला. मग दुसरा. शिरीषने हात पुढे केला, तर एक ओलं, मऊ नाक त्याच्या तळव्याला लागलं. तो इतक्या मोठ्याने हसला की सगळा कळप पळाला.

मे महिन्यात एका चढावर तिने चुकीच्या वेळी गिअर बदलला आणि चेन निसटली. फोनला रेंज नाही, घर लांब. चित्रलेखा घाबरली. शिरीष मात्र उतरून गवतात मांडी घालून बसला. बोटांनी चाचपत चेन चक्रावर बसवली, पेडल उलटं फिरवून पाहिलं, गालाला काळं फासून घेतलं आणि म्हणाला, "चला." पुढचा चढ ती नाक ओढत पेडल मारत राहिली. त्याची नजर गेल्यापासून घरातली प्रत्येक गोष्ट तीच करत होती. आज कोणीतरी तिचं काम केलं होतं. मागून आवाज आला, "चित्रा, रडतेस का? समोर बघ."

क्लिनिक पुन्हा सुरू झालं तरी रविवार सुटला नाही. पुढच्या वर्षीच्या लॉकडाऊनमध्ये घरापासून फार लांब जायला मनाई झाली, तेव्हा ते आसपासच्याच गल्ल्यांतून फिरत राहिले. काठी केव्हाच ड्रॉवरमधून बाहेर आली होती. दुकानात कोणी अंगावर ओरडलं तर शिरीष आता शांतपणे सांगायचा, "मला दिसत नाही. मी कुठे उभा राहू?"

सीमा उघडल्यावर, दोन हजार बावीसच्या जूनमध्ये, दोघं हेरफर्डशरला गेले. भाड्याची टँडेम घेतली. शिरीष आतुर झाला होता. "या वळणानंतर पब येईल."

"पब नाही. कोंबड्यांची शेड आहे."

"मग चर्च?"

"चर्चही नाही. शिरीष, आपण चुकलोय."

रस्ता खोल, अरुंद, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेली झुडपांची कुंपणं. चित्रलेखा उतरून, टाचा उंचावून, मान ताणून बघत होती.

"सांग ना काय दिसतंय!"

"काही नाही. हिरवी भिंत. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. एवढं तू कौतुक करत होतास, अरे, मला इथे तुझ्याएवढंच दिसतंय!"

ते उभे राहून पोट धरून हसले. मग शिरीषने नाक वर केलं. रानफुलांचा, कापलेल्या गवताचा, पलीकडच्या मेंढ्यांचा वास तोच तिला सांगायला लागला. एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून वाट दाखवली, तोवर दुपार झाली होती. त्यांना घाई नव्हती.

परत आल्यावर चित्रलेखाने जेफकडून टँडेम अजून एका कामासाठी मागून घेतली. दर शनिवारी सकाळी पॅरामॅटाच्या पार्कमध्ये, रहदारी नसलेल्या वाटेवर, ती दिसत नसलेल्या इतरांना मागच्या सीटवर घेते. पहिल्या आल्या वेंटवर्थव्हिलच्या विमलताई, मधुमेहाने नजर गेलेल्या. पंजाबी ड्रेसवर ट्रॅक शूज, डोक्यावर हेल्मेट, आणि आयुष्यात कधी सायकलवर बसलेल्या नाहीत.

"पडले तर गं?"

"तर दोघी पडू. पाय ठेवा. आता निघतोय. आता उजवं वळण."

पहिली फेरी विमलताईंनी चित्रलेखाचं जाकीट घट्ट धरून काढली. दुसऱ्या फेरीत पकड सैल झाली. नदीकाठच्या छोट्या उतारावर वारा तोंडावर आला तेव्हा त्यांनी ओरडायला सुरुवात केली, आणि थर्मास घेऊन बाकावर बसलेला शिरीष दचकून उभा राहिला.

"काय झालं? थांबू का?" चित्रलेखाने विचारलं.

"थांबशील तर बघ!" विमलताई म्हणाल्या. "अजून जोरात ने!"