लहान हाये, शिकंल

माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ढुंगण पुसलं तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते, आणि ते ढुंगण मांजराच्या पिलाचं होतं.

हे मी हसवायला सांगत नाही. त्या रविवारी मी नाकाडोंगरीहून डबा घेऊन चिखल्याला गेले, तर बाबा ओसरीत मांडी घालून बसलेले. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर मुठीएवढं करडं पिल्लू, बाजूला वाटीत कोमट पाणी. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, ते पिलाच्या शेपटीखाली हळूहळू फिरवत होते. पिल्लू दोन थेंब मुतलं.

"झालं, झालं," बाबा म्हणाले. "शाना हायेस बाप्पा तू."

तो आवाज मी ओळखलाच नाही. माझे बाबा, टिकाराम, यांनी तेहतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली ड्रिल चालवलं. त्या आवाजानं कान अर्धे गेले होते, म्हणून घरातही ते ओरडूनच बोलत. चटणी मागायची तरी ओरडून. आम्हाला शेजारचे सांगायचे, तुमच्या घरी आज काय भाजी आहे ते आम्हाला ठाऊक असतं. हळू बोलणारे बाबा मी पाहिले नव्हते.

"हे कुठून आनलं?" मी विचारलं.

"ते मांजर नाई का, तुह्या मायच्या मागं मागं फिरे?"

ते मांजर मला माहीत होतं. माय, म्हणजे माझी आई चंद्रकांता, त्याला रोज दूधभात घालायची. माय पौषात गेली, तरी मांजर येत राहिलं, आणि कार्तिकात सरपणाच्या ढिगामागं त्यानं चार पिल्लं दिली. दहाबारा दिवसांनी सडकेवर ते एका ट्रकखाली आलं. तीन पिल्लं दोन दिवसांत मेली. हे एक उरलं.

बाबांनी ते पिशवीत घालून माझ्याच गावच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि माझ्या घरावरून जाऊनही मला हाक मारली नव्हती. तिथल्या तृप्ती मॅडमनी त्यांना सगळं समजावून दिलं. गाईचं दूध देऊ नका, हगवण लागेल. पिलांसाठी पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवून ड्रॉपरनं द्या, पालथं धरूनच द्या. पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसा, कारण या वयाचं पिल्लू आपलं आपण मुतत नाही, त्याची आई चाटते तेव्हा मुततं. ती पावडर आणायला बाबा एसटीनं तुमसरला जाऊन आले. मी दहावीत असताना चष्म्यासाठी त्यांनी मला तुमसरला न्यावं म्हणून मायनं सहा महिने मिनत्या केल्या होत्या. शेवटी मामा घेऊन गेला.

मी डबा ठेवला, भांडी घासली आणि परत आले. नाकाडोंगरीला मी ब्लाउज शिवते. त्या आठवड्यात दोन बाह्या उलट्या लावल्या.

पुढच्या रविवारी पिलाची आंघोळ चाललेली. आंघोळ म्हणजे पाण्यात बुडवणं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, की मांजरी जिभेनं पिलाला साफ करते तसं तुम्ही ओल्या फडक्यानं करा, तोंडापासून मागं, छोटे छोटे हात मारा, मग तेही बघून बघून शिकेल. बाबा फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून पिलाच्या कानामागून पुसत होते, मग गाल, मग पंजे. नंतर त्यांनी खिशातून दात घासायचा ब्रश काढला. नवा, लहान मुलांचा, मऊ, दांड्यावर ससा असलेला. त्यानं पाठीवरचे केस विंचरले. पिल्लू डोळे मिटून घुर्र घुर्र करायला लागलं आणि मध्येच उठून स्वतःचा पंजा चाटायला लागलं. नीट जमत नव्हतं, जीभ बाजूला जात होती आणि तोल जाऊन ते उताणं पडत होतं.

"पाय पाय, रिते! करून राहिला!" बाबा माझ्या नावानं ओरडले. हे मात्र नेहमीच्या आवाजात.

मी पाहिलं. आमच्या घरी राखेनं दात घासायचे. माझा पहिला ब्रश माझ्या लग्नाच्या पेटीत होता.

मग पिलाला शी-सू करायला शिकवणं सुरू झालं. बाबांनी तेलाचा पंधरा किलोचा प्लास्टिकचा डबा आडवा कापला, पिलाला चढता यावं म्हणून एका बाजूनं काठ अजून खाली घेतला आणि कडा लागू नयेत म्हणून मेणबत्तीनं गुळगुळीत केल्या. बावनथडी नदीची रेती आणून चाळून त्यात टाकली. पाजलं की डब्यात ठेवायचं, झोपून उठलं की डब्यात ठेवायचं. पुढचा पंजा दोन बोटांत धरून रेती उकरून दाखवायची. पिल्लू बाहेर पळायचं. बाबा पुन्हा आणून ठेवायचे. पुन्हा पळायचं. मी बसल्या जागी मोजलं, अकरा वेळा. बाराव्या वेळी ते रेतीत बसलं, मुतलं, आणि उकरायचं सोडून रेती खायला लागलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चौथ्या रविवारी मी गेले तेव्हा अंगणात तारेवर त्यांची गोधडी वाळत होती.

"मुतलं का त्यानं?"

"हो. डब्यापर्यंत पोचलाच नाई बिचारा," बाबा म्हणाले. "मॅडमनं सांगतलं, रागवाचं नाई. रागवलं का मंग ते लपून दुसरीकडं करते. भेव बसते त्याच्या मनात." मग पिलाच्या डोक्यावर बोट फिरवत म्हणाले, "लहान हाये, शिकंल."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला नाही. मला वाटलं, ठेवला तर आपटेल.

"बंटी किती वर्साचा होता, बाबा?"

"कोन?"

"बंटी. तुमी त्याले नळावर उभा करत होते तवा."

बंटी माझा लहान भाऊ. कागदावर वीरेंद्र. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो अंथरुणात मुतायचा. बाबा सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी त्याच्या गोधडीला हात लावून पाहायचे. ओली लागली की कमरेला खाणीतली बॅटरी बांधायचा जो पट्टा असायचा, त्यानं मारायचे. मारून फरक पडेना, तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती काढली. ओली गोधडी बंटीच्या डोक्यावर द्यायची आणि त्याला खाणीच्या कॉलनीतल्या नळावर नेऊन उभा करायचा. सगळ्या बायापोरींचं पाणी भरून होईपर्यंत. बंटी रडायचा नाही. गोधडीखालून फक्त त्याचे पाय दिसायचे.

बाबांनी पिलाला उचलून रेतीच्या डब्यात ठेवलं.

"तवा मले कोनी सांगतलं नाई," ते म्हणाले.

"काय सांगतलं नाई?"

"का मारल्यानं शिकत नाई म्हणून. माह्या बापानं मले तसंच शिकवलं."

"मॅडमनं एक डाव सांगतलं, तर तुमी मांजरासाठी आयकलं. माय तर रोज सांगत होती."

मी तशीच निघाले. फाट्यावर आल्यावर लक्षात आलं, डबा हातातच आहे. एका कुत्र्याला भाजीपोळी घातली आणि घरी गेले. त्या दिवशी ते काय जेवले ते मी विचारलं नाही.

पौषात मायचं वर्षश्राद्ध आलं. बंटी रायपूरला लोखंडाच्या कारखान्यात फिटर आहे. सोळाव्या वर्षी घरातून गेला तो गेलाच. लग्नाला त्यानं मला बोलावलं, बाबांना नाही. मायला अग्नी द्यायला आला होता, पण तिसऱ्या दिवशी परत गेला. या वेळी मी फोनवर म्हटलं, "मायसाठी ये." तो आला. सकाळी तुमसर रोड स्टेशनला गाडीतून उतरला आणि दहा वाजेपर्यंत चिखल्याला पोहोचला.

बाबांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. बंटी आल्यावर ते दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले. "गाडी टायमावर होती?" एवढंच विचारलं. बंटीनं मान हलवली. विधी झाला, चार माणसं जेवून गेली. आता आम्ही तिघंच उरलो होतो. मी पानं वाढायला घेतली.

तेवढ्यात बाबांनी मागच्या ओसरीतून हाक मारली. "बंटी! इकडं ये. पाय एक गंमत."

मला हातातलं पातेलं ठेवून धावावंसं वाटलं. पण मी उशीर केला.

पिल्लू तेव्हा अडीच महिन्यांचं झालं होतं, अंगानं भरलं होतं. बाबांनी त्याला दूधभात घातला होता. ते खाऊन उठलं, स्वतःहून डब्यात गेलं, वास घेतला, खड्डा केला, त्यात बसलं, मग वळून चारही बाजूंनी रेती ओढून नीट झाकलं. बाहेर येऊन उन्हात बसलं आणि पंजा ओला करून तोंड पुसायला लागलं. कानामागून, गालावरून, बाबांनी फडक्यानं शिकवलं होतं अगदी तसं.

"हे सगळं म्या शिकवलं," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर शाळेतलं बक्षीस दाखवणाऱ्या पोराचा भाव होता. मला वाटतं, त्यांना बंटीला दुसरंच काही सांगायचं होतं आणि ते सांगायला त्यांच्याजवळ एवढं एकच होतं. पण हे मला आज वाटतं. तेव्हा मला त्यांची कीव आली नाही.

बंटी खाली बसून मांजराकडे बघत राहिला. मग त्यानं शांतपणे विचारलं, "यानं कधी अंथरुणात मुतलं, बाबा?"

"मुतलं ना. चार-पाच डाव."

"मंग तुमी काय केलं?"

बाबांना प्रश्न कळला. त्यांचा हात मांजराच्या पाठीवरून उचलला गेला. "गोधडी धुतली," ते खाली बघून म्हणाले.

"कोनं?"

"मीच."

बंटी उठला. "मी अजूनबी दुपारनंतर पानी पीत नाई," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "लहानपणी सवय लावली ना, पोटात पानीच नाई तर रात्री होनार कसं. ते सुटतच नाई. डॉक्टर ओरडते. दोन डाव मुतखड्याचं आपरेशन झालं माह्यं."

मला हे माहीत नव्हतं. मला फोनवर तो सगळं ठीक आहे म्हणायचा.

"बंटी, मी तुले..." बाबा म्हणाले, आणि तिथंच अडकले. तेहतीस वर्षं ज्या गळ्यानं कॉलनी हादरवली, त्यातून काही निघालं नाही.

"जेवून जा," शेवटी ते म्हणाले.

"मायसाठी आलतो. मायचं झालं," बंटी म्हणाला. त्यानं बॅग घेतली.

मी त्याच्या मागं फाट्यापर्यंत गेले. एसटीला वेळ होता. आम्ही सडकेच्या कडेला उभे राहिलो. ट्रक जात होते आणि आमच्या कपड्यांवर काळी धूळ बसत होती. मी बाबांना नावं ठेवू लागले. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. त्यांना लाज नाही, मांजराला ब्रश आणतात, मी त्यांना तोंडावर सुनावलं, असं बरंच. बंटी ऐकत होता.

मग तो म्हणाला, "तू हसली होती."

"कवा?"

"नळावर. मी गोधडीखालून पायलं. तुह्या मैत्रिणी हसल्या, मंग तूबी हसली."

मी बारा वर्षांची होते. माझी घागर भरत आली होती आणि मैत्रिणींनी मला ढोसून दाखवलं होतं, तो बघ कोण उभा आहे. मी हसले नसते तर त्या मला हसल्या असत्या. एवढं कारण पुरेसं होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आणि बंटीला ठाऊक नाही असं मी तीस वर्षं समजून चालले होते.

"बंटी, मले माफ कर रे."

"जाऊ दे," तो म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही. एसटी आली. तो चढला आणि पलीकडच्या बाजूला खिडकीशी बसला, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

मी परत गेले तेव्हा बाबा ओसरीतच होते. तिन्ही पानं तशीच. मी एक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी हात लावला नाही. मीही जेवले नाही. सगळं गाईला घातलं.

त्यानंतर बाबा मांजराशी पहिल्यासारखं बोलले नाहीत. खायला घालायचे, रेती बदलायचे, पण ते लाडाचे शब्द गेले. उन्हाळ्यात ते वयात आलं. बोका निघाला. बाहेर जायला लागला, दोन-दोन दिवस यायचा नाही, आणि पाऊस लागला तेव्हापासून आलाच नाही. बाबांनी शोधला नाही. डबा धुवून त्यात कोथिंबीर लावली, पण ती उगवली नाही.

एक दिवस त्यांनी मला बंटीचा नंबर मागितला. मी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. त्यांनी फोन केला का, काय बोलणं झालं, मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ते मला दिवाळीत कळलं. बंटीचा फोन आला होता. पोरांचं, कारखान्याचं, थंडीचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता तो म्हणाला, "त्यांचा फोन येत राहते. दर सोमवारी. मी उचलत नाई." मग म्हणाला, "पन ब्लॉकबी नाई केला. वाजू देतो. पुरा वाजेपर्यंत जवळच बसून राहतो."

मी अजूनही दर रविवारी डबा घेऊन चिखल्याला जाते. भांडी घासते, औषधाच्या गोळ्या मोजून ठेवते. बाबा आता ऐकायला जवळजवळ काहीच येत नाही म्हणतात, तरी मी आले की मोबाइल उशाशी आहे का ते एकदा चाचपून बघतात.

बंटी काय म्हणाला, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.