हज्जियांचा गुडघा, बखूर आणि बर्फ

हॉटेलचा अलार्म ठणाणा करत होता आणि हज्जिया लिफ्टचं बटण दाबत सुटल्या होत्या.

"हज्जिया, अलार्म वाजला की लिफ्ट बंद पडते. जिन्यानेच जायचं."

"सीढी? ला, ला, नही! मेरा घुटना खलास!"

घुटना अजिबात खलास नव्हता. मी फिजिओथेरपिस्ट, मूळची सांगलीची, राहते कुवेतमध्ये रिग्गईत. हज्जिया म्हणजे हज करून आलेल्या आजी. त्यांचा गुडघा बदलला तेव्हापासून घरी जाऊन त्यांचे व्यायाम मीच घेत होते. पलंगावर गुडघा छान वाकायचा, जिना दिसला की बाई थिजायच्या. खोट सांध्यात नव्हती, भीतीत होती. त्यात घरात लिफ्ट. मग जिना चढतंय कोण?

त्यांचे चिरंजीव बू फहद मात्र ऑपरेशनच फसलं म्हणून बसले होते. "दकतोरा, सुट्टीनंतरही यम्मा जिना चढली नाही, तर जर्मनीत दुसरं ऑपरेशन. फायनल." सर्जन नको म्हणाले, मी नको म्हणाले. चांगला गुडघा या वयात पुन्हा फाडायचा? माझं डोकंच फिरलं होतं. आणि सुट्टीला निवडलं काय, तर स्वित्झर्लंडच्या डोंगरातलं स्कीइंगचं गाव! नव्या गुडघ्याच्या आईला! सोबत मी.

हॉटेल मात्र झकास. लाकडी खोल्या, जाडजूड रजया, बाथरूमची फरशीसुद्धा गरम. बू फहद मुलांना घेऊन स्कीइंगला जायचे. आम्ही दोघी खिडकीत बसून हॉट चॉकलेट पीत त्यांना आपटताना बघायचो. मी जिन्याचं नाव काढलं की हज्जिया लिफ्टकडे बोट दाखवायच्या. इतकं आरामशीर हॉटेल म्हणजे माझ्या धंद्याचा शत्रूच.

त्या दुपारी हज्जियांना खोलीत चीजचा वास आला. त्यांनी बॅगेतून बखूर काढलं. बखूर म्हणजे अत्तरात मुरवलेलं लाकूड. कुवेतमध्ये कपड्यांना, पाहुण्यांना त्याची धुरी देतात. हज्जियांनी पडद्यांना दिली, रजईला दिली, मला दिली. छतावरच्या स्मोक डिटेक्टरलाही आपोआप मिळाली.

अलार्म आपल्यामुळे वाजतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आग नाही, हे मला दिसत होतं. पण हॉटेलचा नियम बाहेर पडायचा, आणि अशी संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मी तोंड मिटून बखूरदाणी विझवली, उचलली आणि त्यांना जिन्याशी उभं केलं.

"एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. चढताना चांगला पाय आधी. बस, एवढंच शास्त्र."

"इन्ती मजनूना!" वेडी आहेस तू, असं त्या मला म्हणाल्या. मग एक पाय टाकला. मग दुसरा. पहिल्या वळणापर्यंत अल्लाचा धावा, दुसऱ्या वळणानंतर मला शिव्या. शिव्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला. घाबरलेला पेशंट शिव्या देत नाही.

खाली अख्खं हॉटेल बर्फात कुडकुडत उभं. कोणी बाथरोबमध्ये, कोणी एका पायात बूट. आणि मी, धुराचा वास मारणारी बखूरदाणी हातात घेऊन, मुद्देमालासकट हजर. मॅनेजरने माझ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. हज्जिया शांतपणे तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, ओढत होत्या.

बू फहद स्कीइंगवरून धापा टाकत आले. "दकतोरा, बखूर तुम्ही लावलंत?" आणि मग एकदम थांबले. "यम्मा, तू खाली कशी आलीस?"

हज्जिया गडबडल्या. "लिफ्ट खराब," एवढंच म्हणाल्या.

लिफ्ट सुरू व्हायला वेळ लागत होता आणि थंडी मी म्हणत होती. हज्जियांनी थोडी वाट पाहिली, मग चांगला पाय आधी टाकत चढायला लागल्या. कोणी सांगायची गरज पडली नाही. मुलगा मागून डोळे पुसत चालला होता. खरं सांगते, मीही पुसले.

जर्मनी रद्द झाली. आता बू फहद दिवाणियात, म्हणजे घरच्या पुरुषांच्या बैठकीत, मित्रांना सांगतात, डोंगरातल्या हवेने यम्माचा गुडघा बरा झाला. लोक मला हॉटेलचं नाव विचारायला फोन करतात. मी नाव सांगत नाही. आधी विचारते, घरात लिफ्ट आहे का? असेल तर ती महिनाभर बंद ठेवा, म्हणते. त्यानंतर त्यांचा फोन येत नाही.